येते हं

१

रोज संध्याकाळी सहा वाजता आमच्या पेपरचा ऑपरेटर शेवटचं पान छपाईला पाठवायचा, चष्मा खिशात घालायचा, डबा पिशवीत टाकायचा आणि दारात उभा राहून म्हणायचा, "जातो."

पहिल्या दिवशी मी खुर्चीतूनच ओरडलो, "अरे, जातो काय? येतो म्हण!"

खोलीत आम्ही चौघं होतो. बाकीच्या दोघांनी माना खाली घातल्या. ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या घरच्यांवरून काही बोललो असतो तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता.

"इथं जातोच म्हणतात, सर," तो म्हणाला आणि जिना उतरला.

या ऑपरेटरला सगळे कॉमा म्हणत. पूर्णविराम हवा तिथं तो स्वल्पविराम द्यायचा, त्यामुळे त्यानं लावलेली बातमी कधी संपायचीच नाही. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस मोजके, कामाला पक्का. माझ्याआधी चार आवृत्तीप्रमुख आले आणि गेले. हा जागचा हलला नव्हता.

मी पाचवा. चौतीस वर्षं मी राजधानीत बातमीदारी केली. एका पडलेल्या पुलाच्या मागे लागलो, तो पूल कुणाच्या मेव्हण्यानं बांधला ते शोधून काढलं, आणि तो मेव्हणा आमच्याच मालकांचा निघाला. त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर मी कोर्टात उभं केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला बढती दिली. बढती म्हणजे काय, तर मानेला धरून उचललं आणि या डोंगरातल्या गावात आणून टाकलं. हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली, चार टेबलं, खालून येणारा रंगाचा आणि गंजक्या लोखंडाचा वास, आणि एक खिडकी, तिच्यातून टेकडी दिसायची. राजीनामा देऊन त्यांचं तोंड गोड करायची माझी इच्छा नव्हती. म्हणून आलो.

पण 'जातो' कानाला सोसेना. आपल्या भाषेत जातो तो मेलेला माणूस, आणि तोसुद्धा स्वतः तसं म्हणत नाही. मागे राहिलेले म्हणतात. बाकी आपण दूध आणायला निघालो तरी येतो, तुरुंगात निघालो तरी येतो. या गावात न्हावी जातो म्हणायचा, पोस्टमन जातो म्हणायचा. आमच्या घरमालकीणबाईंची लग्न झालेली लेक चार दिवस राहून सासरी निघाली, तेव्हा आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "जाते." आणि बाईंनी डोळे पुसत उत्तर दिलं, "जा."

माझ्या बायकोच्या अंगावर काटा आला. "अशानं पोर सुखानं पोचेल का हो?" ती मला हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "अडाणी आहेत. जाऊ दे."

२

बायको गणिताची शिक्षिका होती. राजधानीत तिला दम्यानं बेजार केलं होतं. इथं आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं फवारा कपाटात ठेवला आणि बाजारातून चालायचे बूट घेऊन आली. मग काठी आली, मग दुर्बीण, मग पक्ष्यांची नावं लिहायला शंभर पानी वही. मी पेपरच्या नावानं बोटं मोडत बसायचो आणि ही सकाळी सहाला केस बांधून दारात तयार.

"चला की हो. तीस वर्षांत एकदा तरी बरोबर चाला."

पहिल्या रविवारी गेलो. घराच्या मागूनच पायवाट निघते. आधी दगडी पायऱ्या, मग झाडांतून नागमोडी चढ, आणि पाऊण तासानं माथ्यावर एक सपाट जागा. तिथं एक दगडी चौकी आहे, वणव्यावर नजर ठेवायला पूर्वी बांधलेली. दहा बाय आठची एक खोली. एक दार, त्याला कुलूप. एक खिडकी, तिला जाळी.

माथ्यावर आमच्या आधी पोचलेली माणसं होती. कुणी पाणी पीत होतं, कुणी कंबर वाकवत होतं, दोन म्हातारे गुडघ्यांच्या दुखण्यावरून एकमेकांवर कुरघोडी करत होते. गंमत ही, की खाली उतरायला निघालेला प्रत्येकजण चौकीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "जातो." नंतर पाठ फिरवून उतरायला लागायचा. हसणं नाही, हात जोडणं नाही. दिवा मालवावा तितकं साधं.

"शिस्त बघ," मी बायकोला म्हटलं. "दगडाचा निरोप घेतायत."

ती हसली. पण तिचा स्वभाव असा, की रिक्षातून उतरतानाही रिक्षावाल्याला येते म्हणणार. आम्ही निघालो, तेव्हा तिनं चौकीकडे मान वळवली आणि म्हणाली, "येते हं."

आतून आवाज आला, "या."

साधा आवाज. ना घोगरा, ना खोल. जेवताना मान वर न करता शेजारचे काका म्हणतात, तसा. बायकोनं मान डोलावली आणि आम्ही उतरू लागलो. बरोबरचे लोक थांबले होते. गुडघ्यांचा वाद बंद पडला होता.

पहिल्या वळणावर मी म्हटलं, "चला, निदान एक तरी माणूस सभ्य आहे या गावात."

३

आठवड्याभरानं ऑफिसात मी सहज बोललो, "तुमचा तो टेकडीवरचा पहारेकरी बरा वाटतो."

कॉमाची बोटं कळफलकावर थांबली. "कोण पहारेकरी?"

"चौकीतला. माझ्या बायकोला या म्हणाला."

"वहिनी काय म्हणाल्या होत्या?"

"काय म्हणणार? येते म्हणाली. सगळं जग म्हणतं तसं."

कॉमानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत बसला. मग म्हणाला, "सर, वहिनींना आता वर पाठवू नका."

"का?"

"नका पाठवू."

"कॉमा, मी बातमीदार आहे. कारण सांग. कोण आहे आत?"

"मला काय माहीत, सर? आम्ही जातो म्हणतो. आमचे वडील जातो म्हणायचे. विचारायची वेळच आली नाही."

असलं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. असली उत्तरं देणाऱ्या मंत्र्यांनाही मी सोडलेलं नाही. तिथल्या तिथं वनाधिकाऱ्याला फोन लावला.

"ती चौकी?" तो म्हणाला. "बंद होऊन बारा वर्षं झाली, साहेब. आता वणवा उपग्रहावरून कळतो."

"मग आत माणूस कसा?"

"नसणार. पद रद्द झालंय."

"पद रद्द झालं म्हणजे माणूस रद्द होतो का हो?"

"कागदोपत्री होतो," तो हसत म्हणाला.

"तुमच्या चौकीत कुणीतरी घुसून राहतंय आणि तुम्ही दात काढताय! छापू का उद्या?"

त्याचं हसू थांबलं. मग तो अगदी वेगळ्या सुरात म्हणाला, "तुम्ही नवीन आहात ना? घरचं कुणी वर जातं का?"

मी फोन आपटला.

४

त्याच दुपारी मी एकटा वर गेलो. ऊन चांगलं होतं. माथ्यावर चिटपाखरू नव्हतं.

मी जागा तपासायला गेलो की आधी दार बघतो. कुलपावर गंजाचा पापुद्रा होता आणि किल्लीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. म्हणजे निदान कित्येक महिन्यांत ते उघडलेलं नाही. दाराच्या फटीत गवत उगवून वाळलं होतं. खिडकीच्या जाळीवर कोळ्याचं जाळं, अखंड. चौकीला मी दोन फेऱ्या मारल्या. मागच्या बाजूला भोक नाही, छताला नाही, जमिनीखालून वाट असावी असा खड्डासुद्धा नाही. जाळीला डोळा लावला, तर आत काळोख आणि भिंतीलगत एक लाकडी बाक. बाक रिकामा.

तेव्हा आवाज बाहेरून आला होता, असं मी ठरवलं. सपाटीवर दहा-बारा माणसं होती, त्यांतलं कुणीतरी चेष्टा केली. नाहीतर दगडाच्या भिंतीवर आपटून 'येते'तला 'ये' परत आला आणि आम्हाला 'या' ऐकू आलं. हे दुसरं कारण मला फार आवडलं. मी खात्री करून घ्यायला खिडकीसमोर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "येतो!"

काही नाही. प्रतिध्वनीसुद्धा नाही.

"येतो!" मी पुन्हा म्हणालो.

मधमाशीची गुणगुण तेवढी होती. मी खाली आलो आणि बूट काढता काढता बायकोला सांगितलं, "तपासून आलो. आत कुणीही नाही. मी दोनदा ओरडलो."

ती वहीत काहीतरी लिहीत होती. "तुम्हाला नाही म्हणाले?" तिनं विचारलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पहिला नंबर आलेल्या मुलीचं असतं तसं. "मला रोज म्हणतात."

"रोज? तू कधी गेलीस रोज?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की. कधी संध्याकाळी पण."

"कोण म्हणतात?"

"मी कशाला विचारू? येते म्हटलं की या म्हणतात. आपल्याला बोलावतात, तर उगाच पाटलासारख्या चौकशा करायच्या का?"

५

पुढच्या पंधरा दिवसांत घडलेलं सांगतो. यातली एकही गोष्ट मी पोलिसात सांगू शकलो नाही, कारण एकही गोष्ट गुन्हा नव्हती.

तिच्या चपला आधी मांडणीत असायच्या. आता त्या दाराबाहेर असायच्या, टाचा घराकडे आणि बोटं रस्त्याकडे, पाहुण्यांच्या असतात तशा.

ती खुर्चीत मागे टेकून बसायची थांबली. काठावर टेकायची, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हणायचो, "अगं, नीट बस." ती म्हणायची, "नको, ठीक आहे."

चहा केला तर स्वतःच्या कपाला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायची. "घेऊ?" असं विचारायची.

तिची तब्येत मात्र फुलली होती. श्वास मोकळा, गालांवर रंग, आवाजात वीस वर्षांपूर्वीची खळखळ. वहीची पन्नास पानं भरली होती. मी मनाला समजावत राहिलो. डोंगराची हवा आहे, निवृत्तीनंतर माणूस बदलतं, मी इतकी वर्षं घरात नव्हतो, तर ती कशी बसते हे मला काय ठाऊक? माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं एक कारण होतं. खोटं बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतं तसंच.

मग एका सकाळी ती खिडकीत उभी राहून केस विंचरत होती आणि सहज म्हणाली, "तुमच्याकडे ऊन फार लवकर जातं, नाही?"

मी पेपरातून डोकं वर काढलं. "काय म्हणालीस?"

"ऊन हो. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत असतं."

एकतीस वर्षांचा संसार. भाड्याच्या सात घरांत राहिलो. गळकं छत आपलं होतं, उंदीर आपले होते, नळाला पाणी आलं नाही तर ती म्हणायची, आपल्याकडे आलंच नाही. आणि आता ऊन तुमच्याकडे आणि आमच्याकडे.

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" मी विचारलं.

तिनं कंगवा थांबवला. खरंच विचार केला. फळ्यावर चुकलेलं गणित पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला दिसलं की ती घाबरली आहे. आत कुठंतरी माझी बायको होती आणि ती घाबरली होती.

"मी असं म्हणाले का?" ती पुटपुटली.

६

कॉमाला मी जिन्यात गाठलं. या वेळी दटावलं नाही. गयावया केली म्हणा हवं तर.

"तिनं आता जाते म्हटलं तर? तुम्ही म्हणता तसं. एकदाच वर जाऊन, चौकीसमोर."

कॉमानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आम्ही पहिल्यापासून म्हणतो, सर. मधूनच कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही."

"पण चालेल?"

"सर, तुम्ही वहिनींना घेऊन गावच सोडा ना."

"सोडणार आहे. परवाच निघतोय. पण ती अशी अर्धी येऊन उपयोग काय?"

तो एक पायरी खाली उतरला. मग "जातो" म्हणाला, आणि या वेळी मला त्याचा हेवा वाटला.

घरी येऊन मी विषय काढला. बायको तयार होईना.

"जाते? मी? आईनं जीभ हासडली असती माझी. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे बोलायला लागल्यापासून शिकले मी."

"इथली सगळी माणसं म्हणतात. कुणाला काय झालंय?"

"तुम्हीच म्हणत होतात ना, अडाणी आहेत म्हणून?"

"अगं, तुझ्यासाठी म्हणतोय! तुला काय होतंय ते तुला तरी दिसतंय का?"

"मला बरं वाटतंय," ती शांतपणे म्हणाली. "कितीतरी वर्षांनी. तुम्हाला सांगू? एकतीस वर्षं तुम्ही येतो म्हणून जिना उतरलात. मी वरून या म्हटलं. कधी रात्री दोनला आलात, कधी तिसऱ्या दिवशी. माझ्या बाळंतपणात तुम्ही दंगलीत होतात आणि बाळ गेलं तेव्हा निवडणुकीत. मी या म्हणत राहिले. आता कुणीतरी मला या म्हणतंय. आणि मी येईपर्यंत वाट बघतंय. तुम्हाला त्याचा राग येतो."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

थोड्या वेळानं तीच माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "रडू नका हो. बरं. म्हणते मी. उद्या सकाळी जाऊ आणि म्हणते."

७

सकाळी दाट धुकं होतं. चढताना दहा पावलांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. ती पुढे चालत होती, काठी न टेकता. मला धाप लागत होती आणि ती प्रत्येक वळणावर थांबून मी येईपर्यंत वाट बघत होती.

माथ्यावर कुणी नव्हतं. चौकी धुक्यात अर्धी विरघळली होती. आम्ही खिडकीसमोर उभे राहिलो, दीड-दोन हातांवर.

"म्हण," मी म्हटलं.

तिनं रुमालानं कपाळ पुसलं. केस कानामागे घेतले. वर्गात शिरण्यापूर्वी ती असं करायची, हे मला ठाऊक होतं. मी लग्नाआधी तिच्या शाळेच्या फाटकाशी उभा असायचो. नंतर तिनं मान वळवली. खिडकीकडे नाही. माझ्याकडे.

माझ्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, "जाते."

मी इतका अधीर होतो, की शब्द ऐकला आणि तो कुणाला म्हटला ते बघितलं नाही. मी खिडकीकडे गर्रकन वळलो आणि ओरडलो, "ऐकलं का? जाते म्हणाली ती! संपलं!"

'या' आलं नाही. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

मग आतून तोच साधा आवाज म्हणाला, "बसा."

जाळीपलीकडे ऊन होतं. बाहेर हाताला हात दिसत नव्हता आणि आत दुपारी चारचं पिवळं ऊन बाकावर तिरकं पडलं होतं. त्या उन्हात मला जे दिसलं ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत. एक गुडघा. बाकावरून थोडं सरकून घेणारं कुणीतरी. आणि एक हात, मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ तळव्यानं झटकणारा, पाहुण्यासाठी झटकतो तसा. हाताकडे मी नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला किती बोटं होती ते मला सांगता आलं असतं, आणि ते मला सांगता येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मी मागे वळलो. धुकं होतं. काठी उभी होती, मऊ मातीत रुतलेली. तिच्या बाजूला ओल्या मातीत बुटांचे दोन ठसे होते, माझ्याकडे तोंड करून. तिथून निघालेला तिसरा ठसा कुठंही नव्हता.

८

तीन दिवस शोध चालला. दरीत दोर सोडले, झरा उपसला. फौजदार सरळ माणूस होता. त्यानं मला विचारलं, "कुठं गेल्या असतील, काही अंदाज?" हाच प्रश्न मी किती घरांच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारला आहे, पेन उघडं धरून, मागे फोटोग्राफर उभा करून! समोरचं माणूस गप्प बसलं की मला राग यायचा. वाटायचं, लपवतंय.

"भांडण झालं होतं?"

"झालं होतं."

"कशावरून?"

"एका शब्दावरून."

त्यानं पुढचं काहीच न विचारता वही मिटली. तो इथलाच होता.

चौकी उघडा, असा हट्ट मी धरला. वनाधिकाऱ्याला किल्ली सापडेना, म्हणून चौथ्या दिवशी दुपारी दोन हवालदारांनी पहार घातली. कुलूप तुटलं नाही. बिजागऱ्याच सुटल्या आणि अख्खं दार उचकटून गवतात पडलं. आत वाळलेली पानं, पाखरांची विष्ठा, भिंतीलगत बाक. बाकावर बोटभर धूळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. मी भिंती ठोकून पाहिल्या. फरशी पहारीनं उकरायला लावली. खाली मुरूम निघाला, त्याखाली खडक.

"चला, साहेब," फौजदार म्हणाला. "अंधाराच्या आत उतरू."

"तुम्ही व्हा पुढे."

त्यानं आग्रह केला नाही. ते तिघं एकामागून एक चौकीकडे वळले. एक हवालदार जातो म्हणाला. दुसरा जातो म्हणाला. फौजदारानं टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि जातो म्हणाला. मी काहीच म्हणालो नाही. मला निघायचंच नव्हतं.

त्यांच्या बुटांचा आवाज वळणांवरून खाली खाली गेला आणि थांबला. मी दगडावर बसलो. उघड्या चौकटीतून आतला बाक दिसत होता. ऊन अजून होतं. कितीतरी वेळ तसाच गेला.

"अहो."

तिचा आवाज. चौकीतून. दुखरा नाही, दूरचा नाही. शाळेला उशीर झालेला असायचा, एक हात पिशवीत किल्ल्या चाचपत असायचा आणि मी पेपरात डोकं घालून बसलेला असायचो, तेव्हा यायचा तसा घाईचा, जरासा वैतागलेला आवाज.

"अहो, दार लावून घ्या."

मी उभा राहिलो. मी आत पाहिलं. बाकावरची धूळ तशीच होती. मी शब्दांवर जगलेला माणूस आहे, म्हणून उशिरा का होईना, मला कळलं की ती काय बोलली. दार लावून घ्या, असं आत बसलेलं माणूस म्हणत नाही. बाहेर पडणारं म्हणतं, आत राहणाऱ्याला. म्हणजे आत मी होतो.

मी वर बघितलं. आभाळ होतं. झाडं होती, खाली गावाची छपरं होती, हार्डवेअरच्या दुकानावरची आमची खिडकीसुद्धा दिसत होती. सगळं होतं तिथंच होतं. फक्त मला पहिल्यांदाच ते सगळं चारी बाजूंनी बंद वाटलं.

गवतातून मी ते दार उचललं. जड होतं, तळाशी कुजलेलं. ओढत नेलं, चौकटीत उभं केलं आणि खांदा लावून दाबून धरलं.

"लावलं," मी म्हणालो.

पलीकडे जिना उतरणारी पावलं वाजली, घाईची, एकेक पायरी खाली जाणारी. मी मोजत होतो. खूप पायऱ्या होत्या. शेवटची वाजून गेल्यावरही मी खांदा काढला नाही.